आमचा रेडर नाल्यापलीकडे गेला

जर्सी परत आली ती स्वच्छ धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून. मी पहिल्या पाळीवरून घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती आणि जर्सी शिलाई मशीनवर ठेवलेली होती, पाठीवरचा नंबर वर येईल अशी घडी घालून.

"तो येवन गेलो," आई म्हणाली. "बस म्हटलंय, चाय ठेवतंय म्हटलंय, पण उंबऱ्याच्या आत काय इलो नाय. ह्या दादाक दी म्हणालो नि गेलो."

आईला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट पांढरे कपडे कसे धुवावेत ते त्याच्या आईकडून शीक, असं तिने मलाच ऐकवलं. मी हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिले. आमच्या मंडळात जर्सी कोणी परत करत नसे. ती फाटेपर्यंत खेळाडूकडे राहायची आणि फाटली की त्याच्या घरी तिचं पायपुसणं व्हायचं. जर्सी परत करायचं एकच कारण असू शकत होतं, आणि ते कारण नाल्यापलीकडे राहत होतं.

घाटकोपरच्या टेकडीच्या उतारावर आमची वस्ती. वरच्या अंगाला आम्ही कोकणातली माणसं, बहुतेक गिरणीतली. खालच्या अंगाला बौद्धांची चाळ, सातारा-सांगलीकडून आलेल्यांची. मधोमध एक सपाट तुकडा होता, तेच कबड्डीचं मैदान. त्याची माती चाळून, पाणी मारून, धुम्मसाने चोपून अशी केलेली होती की अनवाणी पायाला घरातली सारवलेली जमीन वाटावी. तिथे कोणी क्रिकेटचे स्टंप ठोकले तर म्हाताऱ्या बायासुद्धा शिव्या घालत बाहेर येत. संध्याकाळी माहुलच्या रिफायनरीची ज्योत तिथून लांबवर दिसायची आणि वारा फिरला की तिचा वास थेट मैदानावर यायचा. नाल्याच्या पलीकडे दुसरं मंडळ होतं. त्यांच्या मैदानाला चारी बाजूंनी दिवे होते, खेळाडूंना प्रॅक्टिसनंतर अंडी आणि दूध मिळायचं. त्यांचे अध्यक्ष मोठे कंत्राटदार होते. आमचे अध्यक्ष आबा, रिटायर झालेले गिरणी कामगार, आणि आमच्याकडे प्रॅक्टिसनंतर मिळायचे ते चणे, तेही कोणी आणले तर.

पण आमच्याकडे तो होता. त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे 'आपला रेडर' म्हणायचे, अगदी त्याची आईसुद्धा कधीकधी. कबड्डीत रेडर एकटा समोरच्यांच्या अंगणात शिरतो, एका दमात कोणाला तरी हात किंवा पाय लावतो आणि दम सुटायच्या आत मधली रेषा गाठतो. हा शिरायचा तो हळूच, उशिरा कामावर आलेल्या माणसासारखा, मान खाली घालून. आणि परत यायचा तो दोघा-तिघांना मारून. मला पुढे कितीदा तरी विचारलं गेलं की तो तुला आवडायचा का. मला त्याची चढाई आवडायची. त्याचा चेहरा काही खास नव्हता.

माझा दादा मंडळाचा कॅप्टन आणि डावा कोपरा. रेडरचं नाव होतं, कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्याचं फारसं होत नाही. समोरच्याचा पाय आवाक्यात येईपर्यंत त्याने वाट बघायची, आला की झेप घेऊन घोटा धरायचा, आणि बाकीचे धावत येऊन अंगावर पडेपर्यंत काही झालं तरी सोडायचा नाही. एकट्याने घोटा धरून कोणी अडत नाही. मागून माणसं यावी लागतात. हे मी मुद्दाम सांगते आहे.

आमच्या घराचं सगळं त्या घोट्याला टांगलेलं होतं असं म्हटलं तर लोकांना हसू येईल. पण तसंच होतं. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. पाळीची वेळ झाली की ते अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून दारात बसायचे आणि वेळ टळली की शर्ट काढून खुंटीला लावायचे. मी मुलुंडला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते, त्यावर चूल पेटत होती. दादाला कुठे काम लागलं की कायम करायच्या आत ब्रेक मिळायचा, मग पुन्हा दुसरीकडे बदलीवर. अशी तीन-चार वर्षं गेली. त्याला एकच वाट होती. मुलुंडच्या मोठ्या रस्त्यावरच्या एका कारखान्याचा स्वतःचा कबड्डी संघ होता आणि ते चांगल्या खेळाडूला कायम नोकरी द्यायचे. त्यांचे एक साहेब स्पर्धा बघत फिरायचे. आदल्या सीझनला त्यांनी दादाला आणि त्याला दोघांना जवळ बोलावून सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी सेमी फायनलला या. जोडी घेऊन टाकतो." पंचविशीच्या पुढचा माणूस तिथे घेत नसत. दादाची पंचविशी त्या सीझनबरोबर संपणार होती.

आता जोडीतला एक नाल्यापलीकडे गेला होता. त्यांच्या कंत्राटदार अध्यक्षांनी त्याला कुठल्याशा गोदामात कायम नोकरी लावून दिली होती, ब्रेक नाही की बदली नाही. आणि रेडर नसलेला आमचा संघ सेमी फायनलला जाणार म्हणजे बाबांची गिरणी सुरू होणार, इतपतच खरं.

बातमी दिवेलागणीपर्यंत टेकडीभर झाली. मंडळाच्या फलकावर त्याला खांद्यावर घेतलेला मोठा फोटो होता, त्यातल्या नेमक्या त्याच्या तोंडाला कोणीतरी डांबर फासलं. ज्याच्या खांद्यावर तो बसला होता त्याचंही अर्धं तोंड काळं झालं, त्यावरून वेगळं भांडण झालं. एका रिक्षावाल्याने मागच्या बाजूला त्याचा नंबर रंगवून घेतला होता, तो त्याने पत्र्यासकट खरवडला. त्याच्यासारखे केस वाढवून फिरणारा एक जण सरळ चकोट करून आला. "काय रे, घरात कोण गेलं?" म्हणून लोक त्याला विचारायला लागले. चहाच्या टपरीवर दिवसभर एकच शब्द होता, फितूर. आणि लहान मुलं, जी आदल्या आठवड्यापर्यंत 'मी तो होणार, मी तो होणार' म्हणून मारामारी करत होती, ती आता छापा-काटा करायला लागली. हरेल त्याने तो व्हायचं.

तो राहायला मात्र आमच्यातच होता. नोकरी बदलता येते, मंडळ बदलता येतं, खोली कुठून बदलणार? त्यामुळे सगळं त्याच्या आईवर निघालं. नळावर तिचा हंडा मागे सरकवला जाऊ लागला. कोणी तोंडावर काही बोलत नसे, फक्त पायाने हंडा हलायचा. ती बिचारी पुन्हा शेवटी जाऊन उभी राहायची. आईनेही तिच्याशी बोलणं सोडलं. पण रोज मी नळावरून आले की हळूच विचारायची, "तिका पाणी गावला काय गे?"

मला कोणाची दया आली नाही. मी भडकलेलीच होते. एके सकाळी तो मला बसस्टॉपवर भेटला, हातात नवा कोरा डबा. मी तोंड फिरवलं. तोच जवळ आला.

"बोलणार नाहीस?"

"कायम झालास ना? मग माझ्याशी बोलून काय पगार वाढणार आहे?"

"तुझ्या दादाला विचारून गेलोय मी."

माझा विश्वास बसला नाही.

"मैदानावर पाणी मारत होता," तो म्हणाला. "म्हटलं, असं असं आहे, काय करू? त्याने झारी खाली ठेवली. म्हणाला, जा."

"आणि तो जा म्हणाला म्हणून गेलास?"

"तो नको म्हणाला असता तर राहिलो असतो. आईशप्पथ."

"माहीत आहे ना त्याला! म्हणून तर नको म्हणाला नाही तो."

बस आली. त्याच्याबरोबर एका बसमध्ये चढायचं नाही म्हणून मी ती सोडली. तो चढला, त्याला चढायला काहीच अडचण आली नाही, आणि मला लेटमार्क पडला. राग असा आपल्यालाच महाग पडतो, पण त्या वयात तो परवडतो असं वाटतं.

संध्याकाळी मी दादाला धरलं. तो भाकरी खात होता.

"तू सांगितलंस त्याला जा म्हणून?"

"मग काय सांगणार होतो? माझी नोकरी अडकलीय, तू तुझी सोड?"

"मंडळात सांग ना हे. लोक तिच्या हंड्याला लाथा मारतायत."

"सांगितलं तर माझ्या टाळक्यात घालतील. कॅप्टननेच रेडर विकला म्हणतील." त्याने ताटातला घास मोडला. "थोडे दिवस जाऊ दे. थंड होतात सगळे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. माणसाने एकदा तरी ताट भिरकावावं अशी ती वेळ होती आणि हा शांतपणे ताक मागत होता.

मग स्पर्धेचे गट पडले आणि असं झालं की दोन फेऱ्या जिंकलो तर तिसऱ्या फेरीत आमची गाठ नाल्यापलीकडच्यांशीच. पहिल्या दोन फेऱ्या आम्ही रखडत, रडत जिंकलो. एकीत समोरच्यांचे दोन खेळाडू आलेच नव्हते. तिसऱ्या फेरीला ते साहेब येणार, असं कळलं. येणार होते ते अर्थात त्याला बघायला. पण त्याला बघायचं म्हणजे त्याच्यासमोर उभ्या असलेल्या दादालाही बघावंच लागणार होतं.

आणि दादाला एक गोष्ट माहीत होती. इतकी वर्षं प्रॅक्टिसमध्ये तो रोज त्याच्यासमोर उभा होता. परत फिरताना शेवटची लाथ मारायच्या आधी तो डावा पाय अर्धा पाऊल मागे टेकवायचा, फक्त क्षणभर. बाकी कोणाच्या ते लक्षातही यायचं नाही. त्या क्षणी दादा त्याचा घोटा धरू शकत होता. प्रॅक्टिसमध्ये कितीदा धरलाही होता. सेमी फायनल वगैरे विसरा, पण साहेबांच्या डोळ्यांदेखत त्याला एकदा जरी पाडलं असतं, तरी साहेबांना दुसरं काही बघायची गरज नव्हती.

त्या दिवसांत दादा रोज उजव्या कोपऱ्याला घेऊन मैदानावर जायचा. उजवा कोपरा म्हणजे बौद्ध चाळीतला, दादाहून लहान, कमी बोलणारा. तो रेडर व्हायचा, डावा पाय मागे टेकवायचा आणि दादा झेप घ्यायचा. पुन्हा. पुन्हा. मी नळावरून येता-जाता बघायचे. घरात दादा गुणगुणायला लागला होता. बाबांनी कित्येक महिन्यांनी त्याला आपणहून विचारलं, "मॅच कधी हा तुझी?" आणि मी, जिला आशा वगैरे शब्दांची चीड येते, मीसुद्धा कंपनीत बायकांना सांगून ठेवलं की पुढच्या महिन्यात पेढे.

मॅचच्या दिवशी मंडळाच्या शेडमध्ये गाऱ्हाणं झालं. दर सीझनला मोठ्या मॅचला निघण्याआधी आबा देवाच्या फोटोपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे, पोरं मागे हात जोडून उभी राहायची आणि आम्ही बायका दारात. उजवा कोपरा त्या वेळी दाराशीच गुडघ्याला पट्टी बांधत बसायचा. त्याने हात जोडावेत असं कोणी म्हणत नसे आणि तो आला नाही म्हणून कोणी रागवतही नसे. ते तसंच चालत आलेलं होतं.

आबांचा आवाज त्या वयातही गिरणीच्या भोंग्यासारखा होता.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी तुका श्रीफळ ठेयला हा, ता मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली.

"ही पोरां आज मैदानात उतारतत, तेंका येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वायट नदर लागली आसात, ती लांब कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि चढाईक जातलो जो आमचो झील, तेचो दम तुटू देव नको, तेच्या पायाक कोणाचो हात लागू देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे ओरडले. दादाही ओरडला, सगळ्यात मोठ्याने. मीही म्हटलं. गाऱ्हाण्याचे शब्द कोणी ऐकत नसतं. आबांचा श्वास कुठे थांबतो ते पाठ असतं, तिथे आपलं तोंड उघडतं. हेच मागणं आम्ही त्याच्यासाठी दरवर्षी याच शब्दांत मागत आलो होतो.

नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे वाटायला सुरुवात झाली, तेव्हा दाराशी बसलेला उजवा कोपरा पट्टीची गाठ मारता मारता म्हणाला, "आबा, हे शेवटचं कोणासाठी मागितलंत?"

"कोणासाठी म्हणजे काय रे? दरवर्षी..." आबा म्हणाले आणि थांबले.

एकाच्या तोंडात खोबरं होतं, त्याने ते चावायचं थांबवलं. मग एकदम सगळे बोलायला लागले. एक म्हणाला, पण नाव कुठे घेतलं, 'आमचो झील', आमचा पोरगा, एवढंच म्हटलं. दुसरा म्हणाला, देवाला काय कळत नाही का 'आमचो झील' कोण ते? एवढी वर्षं त्याच्यासाठीच तर मागितलं! तिसऱ्याने विचारलं, दुसरा नारळ आणू का? उलटं गाऱ्हाणं घालू.

आबा खाली बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "तोंडातसून गेला ता गेला," ते म्हणाले. "आता देवाक काय सांगू? चुकान मागलंय म्हणान?"

मला त्या क्षणी हसू फुटत होतं, खरंच. इतके महिने ज्याच्या नावाने बोंबा मारल्या, त्याच्याच पायाची राखण आम्ही देवाला जोरजोरात सांगून बसलो होतो. पण पोरांचे चेहरे बघितले आणि हसू आतच गेलं. ती हसण्यावारी नेत नव्हती. एक जण तर हात पुसत म्हणाला, "वाट लागली यार. आता काय त्याला कोण पकडतोय!"

"चला," दादा म्हणाला. "टेम्पो थांबलाय."

मैदान विक्रोळीला होतं. गर्दी तुडुंब. आमच्या टेकडीवरची निम्मी माणसं त्याला शिव्या द्यायला आली होती, कोणी तर मुद्दाम घसा राखून ठेवला होता. तो उतरला तसा 'फितूर, फितूर' असा गजर झाला. त्याने मान खाली घातली आणि नेहमीसारखा हळूच आमच्या अंगणात शिरला. साहेब पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले होते.

मी कबड्डी खूप बघितली. त्या दिवसासारखी चढाई बघितली नाही. आमचा सगळा संघ बाद होऊन आमच्यावर पहिलं लोण मध्यंतराच्या आधीच चढलं. पण नंतर दादाने संघ सावरला. त्यांच्या दुसऱ्या दोन्ही रेडरना त्याने पाठोपाठ पाडलं, तेव्हा साहेबांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं. शेजारच्याने दादाकडे बोट दाखवलं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

शेवटची काही मिनिटं उरली, थोड्याच गुणांचं अंतर राहिलं आणि तो पुन्हा चढाईला आला. आमचे सहा जण अंगणात होते. तो उजवीकडे गेला, मध्ये आला, डाव्या बाजूला वळला. परत फिरला. डावा पाय मागे टेकला.

दादाने झेप घेतली आणि घोटा धरला. दोन्ही हातांनी, पूर्ण, जसा धरायचा तसा. रेडर पालथा पडला. आम्ही सगळ्या बायका उभ्या राहिलो. आता फक्त मागून माणसांनी येऊन पडायचं होतं.

आणि कोणी आलं नाही. आलं नाही म्हणजे, आले, पण आधी थबकले. शेडमध्ये ओरडलेली ती चारही पोरं जागच्या जागी अर्ध्या श्वासापुरती उभी राहिली, आता हा सुटणारच आहे असं ठरवून टाकल्यासारखी. धावला तो एकटा उजवा कोपरा, ज्याने काही मागितलंच नव्हतं. पण तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो पोचेपर्यंत रेडर कोपरांवर सरकत, दादाला मागे ओढत निघाला होता. दादाचं तोंड मातीत होतं, पण हात सुटले नव्हते. मधल्या रेषेच्या अलीकडे एकदाच रेडरने पाय झाडला, दादाची पकड निसटली आणि त्याची बोटं रेषेला लागली. शिट्टी वाजली. तिथेच मॅच संपली म्हणायची, बाकी घड्याळ चालत होतं तेवढंच.

टाळ्या पडल्या त्या थांबेचनात. मी वळून बघितलं तर आमचीच माणसं वाजवत होती. घसा राखून आलेले शिट्या मारत होते.

मॅच संपल्यावर दादा पिशवी खांद्याला लावून दोरीपाशी उभा राहिला, साहेबांच्या वाटेवर. हनुवटी सोलवटून रक्त आलं होतं. साहेब त्याच्याशी, म्हणजे रेडरशी, बराच वेळ बोलले. मग निघाले. दादाच्या जवळून जाताना म्हणाले, "चांगली धरली होतीस." आणि गाडीत बसले. दादाने मान हलवली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तो तिथेच उभा होता. मी जाऊन त्याच्या हातातली पिशवी घेतली, तेव्हा कुठे हलला.

घरी येताना बसमध्ये सगळे त्या चढाईबद्दलच बोलत होते. "काय सुटला यार! झकास!" "शेवटी आपल्याच मातीतला पोरगा." आठवड्याभरात कोणीतरी रॉकेलच्या बोळ्याने फलकावरचं डांबर पुसून काढलं. नळावर बायका त्याच्या आईला 'या काकी, भरा तुम्ही आधी' म्हणू लागल्या. ती इतक्या दिवसांची गप्प राहिलेली बाई, माणसं पुन्हा बोलायला लागल्याच्या आनंदात बोलून गेली, "अगो, तेच्या दोस्तानाच तर तेका सांगितल्यान, जा म्हणान. कॅप्टनान!"

झालं. टेकडीला पाहिजे होतं ते मिळालं. दोस्तानेच पाठवला, दोस्तानेच सोडला. एवढी भक्कम पकड कधी आपोआप सुटते काय? मुद्दाम सोडला. दादाला बघून लोक बोलायचे थांबू लागले. मैदानावर जे चौघे थबकले होते तेच हे सगळ्यात जोरात सांगत होते, आणि मला ते कळत होतं. गाऱ्हाण्याला दोष दिला असता तर 'व्हय म्हाराजा' म्हणणारे सगळेच त्यात आले असते. आबांनी एकदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांना पोरांनी घरी नेऊन बसवलं. उजव्या कोपऱ्याने टपरीवर स्पष्ट सांगितलं, "पकड खरी होती, आपण उशिरा आलो." त्याला उत्तर मिळालं, "तुला काय कळतं रे, तू कुठे होतास गाऱ्हाण्याला?" तो पुढच्या सीझनला खेळला नाही.

मी एकदा चप्पल घालून निघाले होते टपरीवर, चौघांना चव्हाट्यावर विचारायला. दादाने दार अडवलं.

"बस गं," तो म्हणाला. "सोडला म्हणतायत ना? म्हणजे धरला होता, एवढं तरी बघितलंय त्यांनी."

तो थट्टा करत असेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. मी चप्पल काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. बाबा बाहेर शर्ट घालून बसलेले होते, त्यांना ऐकू गेलं असणार.

त्या सीझनबरोबर दादाची पंचविशी संपली. तो एका गोडाऊनला हमालीच्या टोळीत लागला, तेही रोजंदारीवर. पुढे तीन-चार वर्षांनी मंडळाने त्याचा, आमच्या रेडरचा, सत्कार ठेवला. तो एव्हाना सगळ्या टेकडीचा अभिमान झाला होता. नाल्याचा विषय कोणी काढत नसे. हार झाले, शाल झाली, आणि मग माईकवर एका नव्या, चुणचुणीत पोराने विक्रोळीच्या त्या चढाईची गोष्ट सांगायला घेतली. आपल्या ह्या वाघाचा पाय कोणीतरी घट्ट धरला होता, तरी तो त्या माणसाला ओढत ओढत रेषेपर्यंत घेऊन गेला, असं तो म्हणाला. स्टेजवर रेडरने मान वर करून गर्दीत इकडेतिकडे बघितलं, पण पोरगा पुढे बोलत गेला.

दादा कामावरून तसाच आला होता, माझ्या शेजारी उभा होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यानेही वाजवल्या.